प्रेग्नन्सीत शुगर वाढू नये म्हणून: पहिल्या महिन्यापासून काय खायचं, किती चालायचं

माझ्या पहिल्या वेळेला सव्विसाव्या आठवड्यात शुगर निघाली, १६८. कर्वे रोडवरच्या लॅबमधून रिपोर्ट घेतला आणि रिक्षात बसून तीनदा वाचला, कारण मला वाटलं दुसऱ्याच कुणाचा दिलाय. माझं वजन बेताचं, गोडाची फार आवड नाही, बाहेरचं खाणं महिन्यातनं दोनदा. आईला डायबेटिस आहे पण तो तिला पन्नाशीनंतर झाला, म्हणून मी तो कधी हिशोबातच धरला नव्हता. दुसऱ्या वेळेला दिवस राहिले तेव्हा पहिल्या महिन्यापासून कंबर कसली आणि त्याच टेस्टला ११९ आली. सगळं माझ्या कष्टांचं फळ असं म्हणणार नाही, कारण माझ्या जावेने माझ्यापेक्षा जास्त पथ्य पाळलं तरी तिची निघाली. खाण्याने आणि चालण्याने धोका कमी होतो, शून्य होत नाही, एवढं आधी डोक्यात ठेवा म्हणजे नंतर स्वतःला दोष देत बसणार नाही.

मी डॉक्टर नाही. खाली जे लिहिलंय ते माझ्या डॉक्टरांनी आणि डाएटिशियननी सांगितलेलं, आणि दोन वेळा अनुभवलेलं. तुमच्या फाइलवर वेगळं काही लिहिलं असेल तर ते ऐका, माझं नाही.

१. आधी बघा, आपल्याला धोका किती आहे

शुगर वाढते ती मुळात वारेमुळे (प्लॅसेंटा, जिच्यातून बाळाला पोषण मिळतं). वार बाळासाठी जे हार्मोन्स तयार करते त्यांच्यामुळे आईच्या शरीरात इन्सुलिन नीट काम करेनासं होतं, आणि पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर हे जोरात सुरू होतं. ज्यांचं शरीर तेवढं जास्तीचं इन्सुलिन बनवू शकतं त्यांना काही होत नाही, ज्यांचं कमी पडतं त्यांची शुगर चढते. म्हणून तयारी आधीच्या महिन्यांत करायची, सहाव्यात जागं होऊन फार उपयोग नाही.

आई-वडील किंवा भावंडांना डायबेटिस, पीसीओडी, वय तिशीच्या पुढे, आधीच वजन जास्त, आधीच्या वेळेला शुगर निघालेली किंवा आधीचं बाळ खूप मोठं, यातलं एक जरी असेल तर पहिल्याच व्हिजिटला डॉक्टरांना स्वतःहून सांगा. विचारतील याची वाट बघू नका, ओपीडीत गर्दी असते आणि राहून जातं.

आता "मी तर बारीक आहे" वाल्यांसाठी. आपल्याच पुण्यात केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी यावर आयुष्यभर काम केलंय, १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांमधल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास चालू आहे. त्यात दिसलं की आपली बाळं जन्मतः वजनाला कमी, पण चरबी त्या मानाने राखून असलेली. याज्ञिकांचा एक फोटो पण प्रसिद्ध आहे, ते आणि एक ब्रिटिश डॉक्टर शेजारी शेजारी उभे, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण शरीरातली चरबी त्या गोऱ्या डॉक्टरांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के, म्हणजे बारीक दिसलो तरी धोका असतोच. मला डाएटिशियननी हे सांगितलं तेव्हा मी माझ्या "बेताच्या" वजनाचा अभिमान तिथेच सोडला. आपल्याकडे बीएमआय २३ च्या वर गेला की जास्त धरतात, २५ नाही, हेही तेव्हाच कळलं.

२. फाइल आणि सामान

फाइलमध्ये ठेवायचं: माता-बाल संरक्षण कार्ड (महापालिकेच्या दवाखान्यात नाव नोंदवलंत की मिळतं, प्रायव्हेटला जात असाल तरी करून घ्या, सरकारी योजनेला लागतं), आधार कार्ड, आधीच्या बाळंतपणाची डिस्चार्ज समरी, जुने शुगर-थायरॉइडचे रिपोर्ट, चालू गोळ्यांची यादी. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायकांची मोफत तपासणी होते, प्रायव्हेट परवडत नसेल तर ही तारीख लक्षात ठेवा.

घरात लागतं: नेहमीची एकच वाटी (मापाला, दर वेळी तीच), एक वही, आणि न घसरणाऱ्या सोलचे शूज. ग्लुकोमीटर आत्ताच घ्यायची गरज नाही, डॉक्टरांनी सांगितलं तर घ्या. उगाच आधीपासून घेऊन रोज बोट टोचत बसलेली एक मैत्रीण आहे माझी, तिचं बीपीच वाढायचं आकडे बघून.

३. ताट बदलायचं, डाएट करायचं नाही

हा लेख ज्यासाठी लिहायला घेतला ते हे. सगळ्यांना वाटतं शुगर म्हणजे पेढे-बर्फी बंद केली की झालं. माझी पेढे न खाता निघाली होती. मग डाएटिशियननी तीन दिवसांचं खाणं लिहून आणायला लावलं आणि वही बघून म्हणाल्या, "अहो, यात डाळ-उसळ कुठंय?" सकाळी पोहे, अकराला चहा-बिस्किट, दुपारी तीन पोळ्या बटाट्याची भाजी आणि वरण-भात, चारला चहा-खारी, रात्री खिचडी. एकही गोष्ट "वाईट" नाही, सगळं घरचं, आणि जवळजवळ सगळं पीठ आणि भात.

मग जे केलं ते असं.

सकाळ: बऱ्याच जणींची शुगर नाश्त्यानंतर सगळ्यात जास्त चढते. पोहे सोडू नका, पण एक वाटी पोह्यात एक वाटी वाटाणा-शेंगदाणे-मोड आलेली मटकी घाला आणि बरोबर दही किंवा उकडलेलं अंडं घ्या. त्याहून चांगलं म्हणजे मुगाचं किंवा बेसनाचं धिरडं, नाहीतर मिश्र पिठाचं थालीपीठ (तेल सांभाळून). उपमा करायचा तर भाज्या रव्याएवढ्या.

दुपार-रात्र: निम्मं ताट भाजी आणि कोशिंबीर, पाव ताट उसळ-वरण-पिठलं-पनीर-मासे-अंडं यातलं काहीतरी, उरलेल्या पावात भाकरी, पोळी किंवा भात. "किंवा" वर जोर आहे. आपण पोळी आणि भात दोन्ही घेतो आणि वर वरणात बटाटा. मी दुपारी दीड भाकरी आणि रात्री एक वाटी भात असं वाटून टाकलं. ज्वारीची भाकरी चांगलीच, पण ती म्हणजे काही औषध नाही, चार खाल्ल्या तर शुगर चढणारच.

खायचा क्रम: हे मला आधी थोतांड वाटलं होतं. आधी काकडी-गाजर किंवा कोशिंबीर संपवायची, मग भाजी-उसळ, आणि भात-भाकरी शेवटी. तेवढंच जेवण, पण शुगर हळू चढते. पहिल्या वेळेला ग्लुकोमीटर घरात होता तेव्हा करून बघितलं, माझ्यात फरक वीसेक पॉइंटचा यायचा. तुमच्यात कमीजास्त असेल.

चहा: दिवसाला चार कप, कपात दोन चमचे, म्हणजे आठ चमचे साखर, तीसेक ग्रॅम. दोन कपांवर या, साखर अर्ध्यावर आणा, आठवड्याभरात जीभ बदलते. आणि जेवणाबरोबर किंवा लोहाच्या गोळीबरोबर चहा नकोच, लोह अंगी लागत नाही. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी पण एकत्र घेऊ नका.

फळं: अख्खी खा, रस काढू नका. मोसंबीचा रस हा आपल्याकडचा लाडका आजार आहे, कुणी गरोदर दिसली की लगेच ग्लास पुढे. एका ग्लासात चार मोसंब्या जातात आणि चोथा बेसिनमध्ये. पेरू, संत्रं, सफरचंद, डाळिंब बिनधास्त, एका वेळी एक. केळं, चिकू, द्राक्षं, सीताफळ कमी, आणि जेवणावर नाही, मधल्या वेळेला मूठभर शेंगदाण्यांबरोबर. आंबा? माझी दुसरी प्रेग्नन्सी बरोबर एप्रिल-मेमध्ये आली, मंडईत पेट्या लागलेल्या. अर्धा हापूस, चारच्या वेळेला, आठवड्यातनं तीनदा. आमरस मात्र नाही. आमरस-पुरीच्या पंगतीत मी काकडी चघळत बसले होते, तो दिवस अजून आठवतो.

उपास: साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च. संकष्टीला साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याची भाजी, वर राजगिऱ्याचा गुळातला लाडू, हा सगळ्यात वाईट मेनू. या नऊ महिन्यांत उपास सोडा, देव समजून घेतो. सोडवत नसेल तर थोडी भगर, शेंगदाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, ताक असं घ्या आणि दिवसभर उपाशी राहू नका.

फसगती ज्या मी स्वतः केल्या: गूळ, मध, खजूर "नैसर्गिक" म्हणून चालतात हे खोटं, शुगर तशीच चढते. "डायजेस्टिव्ह" लिहिलेली बिस्किटं म्हणजे मैदा-साखरच, कोंडा जरा जास्त. "शुगर फ्री" मिठाईत खवा आणि पीठ असतंच. आणि सगळ्यात मोठी फसगत, घाबरून भात-भाकरी पूर्ण बंद करणं. पहिल्या वेळेला रिपोर्ट आल्यावर चार दिवस मी नुसती भाजी आणि ताक घेतलं, चक्कर आली, लघवीत कीटोन (शरीर उपाशी राहून चरबी जाळायला लागल्याची खूण) निघाले आणि डॉक्टर माझ्यावर चांगल्याच उखडल्या. बाळाला ग्लुकोज लागतंच. तीन मोठ्या जेवणांऐवजी तीन बेताची जेवणं आणि दोन-तीन मधली खाणी, झोपताना हवं तर कपभर दूध. रात्री नऊला जेवून सकाळी दहापर्यंत पोट रिकामं ठेवू नका.

४. "दोघांचं खा" म्हणणाऱ्यांशी कसं वागायचं

पहिले तीन महिने जास्तीचं काही खायची गरज नसते. नंतर आयसीएमआरच्या (केंद्राची वैद्यकीय संशोधन संस्था) हिशोबाने रोज ३५० कॅलरी जास्त, म्हणजे साधारण एक भाकरी, वाटीभर उसळ आणि ग्लासभर ताक. एवढंच. त्यात दुसऱ्या माणसाचं जेवण बसत नाही. वजनासाठी अमेरिकन तक्त्यात नॉर्मल बीएमआयला साडेअकरा ते सोळा किलो दिलेत, पण आपल्या ठेवणीला किती ते डॉक्टर सांगतील तोच आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

सासूबाईंनी सातव्यात डिंकाचे लाडू करून पाठवले, डबाभर, तूप-गूळ-खोबरं-खारीक. नाही म्हणणं म्हणजे माणसाला नाही म्हणणं. मी एवढंच म्हणाले, "आई, हे बाळंतपणानंतर खाते ना, तेव्हा खरी ताकद लागेल." त्यांना ते इतकं पटलं की पुढचा डबा त्यांनीच फ्रीजरमध्ये ठेवला. डोहाळजेवणाला पाच गोड पदार्थ होते, प्रत्येकाचा एक घास घेतला, फोटो काढले, आणि नंतर गच्चीवर वीस मिनिटं फिरले. वाद घालू नका, तुमचं बीपी महत्त्वाचं.

५. शतपावली, आणि बाकीचा व्यायाम

आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम, असं सगळीकडे सांगतात. ऐकायला खूप वाटतं. मी ते दर जेवणानंतर दहा मिनिटं असं केलं, तीन वेळा, म्हणजे रोज अर्धा तास आणि पाच दिवसांत काम झालं. जेवल्यावर पायांचे स्नायू चालायला लागले की रक्तातली साखर ते इन्सुलिनवर फार अवलंबून न राहता ओढून घेतात, म्हणून एकदम सकाळी तासभर फिरून दिवसभर बसण्यापेक्षा हे जास्त लागू पडतं. आजीची शतपावलीच, फक्त शंभर पावलांवर थांबू नका.

वेग किती? बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता आलं नाही पाहिजे. बोलताना धाप लागली तर कमी करा.

कुठे चालायचं हा पुण्यात वेगळाच प्रश्न आहे, फुटपाथवर एक तर गाड्या नाहीतर उखडलेल्या फरशा. सारसबाग, कमला नेहरू पार्क, संभाजी बाग इथे सपाट जागा आहे, सकाळी लवकर जा, एप्रिल-मेमध्ये साडेआठनंतर नकोच. टेकडीची सवय असलेल्यांसाठी सांगते, हनुमान टेकडी आणि वेताळ टेकडी शेवटच्या महिन्यांत बंद. चढताना काही होत नाही, उतरताना मुरुमावरून पाय सटकतो आणि पोटामुळे आपलं पाऊल आपल्यालाच दिसत नाही. पावसाळ्यात मी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारायचे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ६० पावलं, वॉचमनकाका मोजत असायचे आणि सतरावी फेरी झाली की ओरडायचे, "ताई, झाल्या हजार!"

चालण्याबरोबर आठवड्यातनं दोन-तीनदा हातांचा व्यायाम: एक लिटरच्या दोन पाण्याच्या बाटल्या, खुर्चीत बसून वर-खाली, दहाचे दोन सेट. खुर्चीवरनं उठ-बस दहा वेळा. योगात ताडासन, मार्जरासन, फुलपाखरू हे चालतं, पण गरोदर बायकांना शिकवणाऱ्यांकडेच शिका. पाचव्या महिन्यानंतर पाठीवर फार वेळ झोपून काही करू नका, आणि पोट दाबणारी, श्वास रोखणारी, उड्यांची आसनं-व्यायाम नकोच. दिवसभर लॅपटॉपवर असाल तर (आयटीवाल्या, तुम्हीच) तासाला एकदा उठा, पाणी भरून आणा.

आणि घरकाम म्हणजे व्यायाम नव्हे. ओट्याशी दोन तास उभं राहिल्याने पाय सुजतात, शुगर उतरत नाही. हे सांगायला घरच्यांना हा परिच्छेद दाखवा.

६. व्यायाम कुणी करू नये, कधी थांबायचं

वार खाली आहे, गर्भपिशवीच्या तोंडाला टाका आहे, बीपी वाढलंय, ब्लीडिंग झालंय, हिमोग्लोबिन खूप कमी, जुळी बाळं: आधी डॉक्टरांना विचारा, या लेखावर जाऊ नका. चालताना रक्त किंवा पाणी गेलं, पोटात नियमित कळा, छातीत दुखणं, चक्कर, डोकं जोरात दुखणं, एका पोटरीत दुखून सूज, यातलं काहीही झालं तर थांबा आणि लगेच फोन करा. "घरी जाऊन बघू" नाही.

७. टेस्टच्या दिवशी

टेस्ट दोनदा होते, पहिल्याच व्हिजिटला आणि नॉर्मल आली तर पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत. पहिली नॉर्मल आली म्हणून दुसरी टाळणाऱ्या खूप आहेत, आणि शुगर बहुतेक वेळा दुसरीतच सापडते.

पद्धती दोन आहेत आणि गोंधळ इथेच होतो. एक सरकारी गाइडलाइनची, उपाशीपोटी असा किंवा नसा, ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिली पाण्यात, दोन तासांनी एकदाच रक्त, १४० किंवा वर म्हणजे शुगर आहे. दुसरी उपाशीपोटी, तीन वेळा रक्त, मर्यादा उपाशीपोटी ९२, ग्लुकोजनंतर तासाने १८० आणि दोन तासांनी १५३, तिन्हीपैकी एकही गाठली तरी धरतात. एका पद्धतीचा आकडा दुसरीला लावू नका. आपल्याला कोणती लिहून दिलीय ते चिठ्ठीवर बघून लॅबला फोन करून विचारा, मी पहिल्या वेळेला नाश्ता करून गेले आणि परत पाठवली गेले.

ग्लुकोज पाच-दहा मिनिटांत संपवायचं, लिंबू पिळायचं का ते लॅबला विचारा. प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर टेस्ट दुसऱ्या दिवशी पुन्हा, अर्ध्या तासानंतर झाली तर चालू ठेवतात. दोन तास बसून राहायचं, तेवढ्यात लक्ष्मी रोडला चक्कर मारून येऊ नका, चालल्याने आकडा खोटा कमी येतो. आणि टेस्टच्या आधी दोन दिवस भात-पोळी सोडून "पास" व्हायचा प्रयत्न करू नका. मार्क कुणाला दाखवायचेत?

८. तरीही निघालीच तर

आधी साधारण दोन आठवडे खाणं आणि चालणं यावरच ठेवतात. टार्गेट सहसा उपाशीपोटी ९५ च्या आत, जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत. नाही आली तर गोळी किंवा इन्सुलिन. इन्सुलिन वारेतनं बाळाकडे जात नाही, आणि एकदा सुरू झालं की आयुष्यभर, हेही खरं नाही. बहुतेकींचं बाळंतपणाबरोबर बंद होतं, माझंही झालं.

आता ग्लुकोमीटर घ्या, आणि हे वाचा. एका संध्याकाळी माझा आकडा आला १९४. जेवणात काही वावगं नव्हतं. मी रडायला लागले, नवरा डॉक्टरांना फोन लावत होता, तेवढ्यात आईचं लक्ष ओट्याकडे गेलं, मी पाचच मिनिटांपूर्वी सगळ्यांसाठी आंबा चिरला होता आणि हात नुसते फडक्याला पुसले होते. साबणाने धुतले, कोरडे केले, दुसऱ्या बोटाला टोचलं, ११२. तेव्हा हात धुवून, कोरडे करून, बोटाच्या कडेला टोचा, मधोमध जास्त दुखतं. पट्ट्यांची एक्सपायरी बघा. आणि दोन तास मोजायचे ते जेवणाच्या पहिल्या घासापासून, ताट उचलल्यापासून नाही.

९. बाळंतपणानंतर

शुगर निघालेल्या प्रत्येकीने सहा आठवड्यांनी पुन्हा ७५ ग्रॅमची टेस्ट करायची, या वेळी उपाशीपोटी, आणि पुढे दर वर्षी एकदा शुगर बघायची, कारण अशा बायकांना नंतर कायमचा डायबेटिस व्हायचा धोका बराच जास्त असतो. सहाव्या आठवड्यात काय अवस्था असते ते सांगायला नको, रात्रीची झोप नाही, बाळाचं लसीकरण लक्षात आणि स्वतःचं सगळं विसरलेलं. म्हणून बाळाच्या दीड महिन्याच्या लसीच्या तारखेलाच आपली टेस्ट लावून टाका, लसीकरणाच्या कार्डावर पेनाने लिहून. आणि लाडवांचा डबा फ्रीजरमधून टेस्टचा रिपोर्ट आल्यावर काढा.